रीजिग आणि आईचं मनगट

आप्पा,

तुम्हाला प्रिय म्हणावं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. काल शिकवणीच्या मुलींना 'रीजिग' हे इंग्रजी क्रियापद शिकवलं. बोलीतलं आहे, नव्याने मांडणी करणं अशा अर्थाचं. तुम्ही सांगितलेलंच सगळं सांगितलं आणि तुमचं नाव तेवढं टाळलं. घरी आल्यावर ते खटकलं, म्हणून लिहिते आहे.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. तुम्ही डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात फिटर, मी नववीत. मशीनच्या कागदांत तो शब्द होता, माझ्या शब्दकोशात नव्हता. तुम्ही मला शेडमध्ये नेलंत.

"हा जिग. फळी यात घट्ट बसते, ड्रिल याच्या भोकातूनच खाली जातं. शंभर फळ्यांना भोकं पाड, जागा हलणार नाही."

फळीच्या भोकांत फुग्यांचे काचेचे साचे बसत. साचे बदलले की जिगही नव्याने बांधायचे, ते रीजिग. पुढे लोक वेळापत्रकालाही तो शब्द लावू लागले. किती नीट समजावलंत तुम्ही! तो माणूस घरी यायच्या आत कुठे जात होता?

मग लांब फुग्यांचं काम आलं. तुम्ही पाच जिग बदललेत, सहावा तसाच राहिला. त्याच्या फळ्यांना भोकं जुन्याच, जवळजवळच्या जागी पडली आणि त्यांत बसवलेले नवे साचे एकमेकांवर आपटून फुटले. मी डबा घेऊन दारात उभी होते. मालकाने रानशेत गावातून येणाऱ्या कामकरी बायकांसमोर तुमच्या थोबाडीत मारली.

"काय मिस्त्री, डोळे घरी ठेवून येतोस?"

तुम्ही खाली मान घालून काच वेचलीत.

घरी आईने एवढंच विचारलं, "गाल का सुजलाय हो?"

तुम्ही खिशातून पाना काढलात. पहिला घाव तिच्या खांद्यावर, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी तुमच्या दंडाला कडकडून चावले, तुम्ही मला भिंतीवर भिरकावलंत. ती खाली पडली तरी तुमच्या लाथा थांबेनात. मालकाला उलटून मारलं असतंत तर नोकरी गेली असती. तिला मारून तुमचं काय गेलं?

दवाखान्यात आई म्हणाली, "विहिरीवर घसरले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचा पंजा माझ्या मानेवर होता, बोटं रुतलेली.

"हो, घसरली," मी म्हणाले.

त्यांनी हात बांधला आणि तिला तुमच्याबरोबर घरी पाठवलं. मनगट वाकडंच जुळलं. नंतरही तुम्ही तिला मारलंत. मी खरं बोलले असते तर? हा प्रश्न मी एकटीच का वागवू?

तुमच्या श्राद्धाला धाकटा भाऊ सगळ्यांना सांगतो, "आमचे आप्पा फार शांत." मी मुकाट्याने पानं वाढत राहते. यंदा तसं होणार नाही. पान मांडण्याआधी मी सांगेन की आई विहिरीवर घसरली नव्हती. मारलं तुम्ही, खोटं बोलले मी.

मग तुमचं पान वाढीन.

तुमची मुलगी,
कुसुम