आधी बॅग, मग फोटो

२ मार्च, सकाळी सात

ताई एकतीस तारखेला रिटायर होते. चौतीस वर्षं एकच शाळा, चौथीचा वर्ग. काल तिचा फोन. म्हणाली, दर वर्षी वर्गाचा फोटो निघतो, पण मी पोरांना ओळीत उभं करत असते आणि फोटोवाला तेवढ्यात उरकून मोकळा होतो. एवढ्या वर्षांत फळ्यापाशी उभी असलेली मी एका फोटोत नाही. तू एवढा कॅमेरा घेऊन हिंडतोस, तर शेवटच्या दिवशी ये आणि एक काढ. एकच.

एकच म्हणजे काय! पन्नास काढीन. सहावीत शाळा सोडून मी रंधा हातात घेतला, तेव्हा अपूर्णांक मला हिनेच शिकवले, टेपवर बोट ठेवून. आज वर्कशॉपमध्ये दहा सुतार आहेत ते त्या पाऊण आणि सव्वाच्या जोरावर.

अडचण किरकोळ आहे. कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, हे न्यायचं कशात? सध्या टॉवेलात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीतून नेतो. परवा मोठ्या लेन्समधून भुसा निघाला.

चांगली बॅग हवी. दोन दिवसांत बघून टाकतो. उरलेले सगळे दिवस फोटोचा सराव.

५ मार्च

बॅगेचं दुकान. मी काही दुकानात तासन्‌तास घालवणारा माणूस नाही. अडीच तास लागले.

दुकानातली बाई हुशार. म्हणाली, काका, बॅग डोळ्यांनी नाही निवडायची, पाठीने निवडायची. (काका! तिचीच चाळिशी उलटलेली.) मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावला. मी ताठ उभा राहिलो. ती म्हणाली, रोज असे ताठ उभे राहता का? राहता तसे राहा. दोन बोटं कमी भरलं.

म्हणाली, ओझं खांद्यावर नाही, कमरेवर यायला हवं. खांद्याचे पट्टे नुसते तोल धरायला. पटलं. दरवाजाचंही तसंच असतं, भार बिजागरीवर. कडी नुसती नावाला. तिला हे समजावून सांगितलं. मागे रांग लागली होती.

सगळ्यांत मोठी घेतली. बॅग नं. १. विषय संपला.

७ मार्च

विषय संपला नाही. कमरपट्टा पोटावर पोचत नाही. कंपन्यांनी मापं आखूड केलीत हल्ली. बायको म्हणाली, अहो, कंपनी तीच आहे, पोट वेगळं आहे. दुर्लक्ष केलं.

शिवाय ही बॅग समोरून उघडते. म्हणजे वस्तू काढायची तर पाठ जमिनीवर, म्हणजे बॅगेची, आणि मग तीच धुळीची पाठ आपल्या पाठीला. असा ड्रॉवर मी गिऱ्हाइकाला दिला असता तर त्याने दारात उभं केलं नसतं.

उद्यापासून सराव. आज बॅगेचा अभ्यास.

११ मार्च

बॅग नं. २. पाठीकडून उघडते. कमरेला बांधलेली असताना पुढे फिरवायची आणि टेबलासारखी उघडायची. काय डोकं लावलंय! दुपारभर हॉलमध्ये फिरवून पाहिली. एक फुलदाणी गेली. बायकोने झाडू आणून दिला.

मोठी लेन्स मात्र बसत नाही. अर्धी बाहेर राहते, खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखी.

बॅग नं. १ बायकोने घेतली. कप्प्यांत औषधं लावली. म्हणते, पहिल्यांदाच सगळ्या बाटल्या उभ्या राहताहेत.

१४ मार्च, सकाळी

बॅग नं. ३. हीच ती. पाठ जाळीची, पट्टा पोचतो (शेवटच्या भोकात, पण पोचतो), बाजूला चोरखण, आतले कप्प्यांचे पडदे हवे तिथे चिकटवता येतात. बाईने नेम सांगितला: जड वस्तू पाठीला लागून, हलकी बाहेर, आणि सगळ्यांत आधी लागणारी हाताशी.

आता पडदे लावायचे. इथे माझा तीस वर्षांचा अनुभव. नवशिके लोक खरा कॅमेरा आतबाहेर करत बसतात, चरे पाडून घेतात. आम्ही गिऱ्हाइकाचा ओव्हन येण्याआधी प्लायचा ओव्हन करतो आणि त्याच्या मापाने कपाट बांधतो. तेव्हा कॅमेऱ्याची डमी करणार. शिसवाची. वजनालाही तेवढीच हवी, म्हणजे चालण्याचा सरावही होईल.

फोटोचा सराव सोमवारपासून. आधी पाया, मग मजला.

१८ मार्च

डमी तयार. स्वतः केली. किती वर्षांनी तासणी हातात घेतली. आत शिशाचा गोळा बसवून वजन जुळवलं, किचनच्या काट्यावर फरक चार ग्रॅमचा. पॉलिशवाल्याने असा काळा मॅट मारला की बायको त्याचं बटण शोधत होती.

पॉलिशवाला म्हणाला, शेठ, एवढ्या मेहनतीत एक खुर्ची झाली असती. मी म्हटलं, खुर्चीत बसून फोटो निघत नाहीत. तो म्हणाला, उभं राहूनही कुठे काढलेत अजून?

माणूस जुना आहे म्हणून ऐकून घेतो.

२१ मार्च

पाठीवर बॅग, आत डमी, लेन्सच्या जागी त्याच वजनाच्या वाळूच्या बाटल्या. रोज चार किलोमीटर. खरा माल कपाटात, धुळीपासून लांब. पाठ अजिबात दुखत नाही. गुडघे दुखतात, पण गुडघ्यांचा बॅगेशी संबंध नाही.

रस्त्यात ताई भेटली. म्हणाली, अरे, कुठे निघालास? मी म्हटलं, कुठे नाही, बॅग चालवतोय. तिथेच बाकावर उघडून तिला एकेक कप्पा दाखवला. बॅटरी भरलेली उजवीकडे, रिकामी डावीकडे. तिने सगळं नीट ऐकलं, पोरांचं ऐकते तसं. मग म्हणाली, माझ्या वर्गात उजेड सकाळी साडेआठला फळ्यावर येतो, पंधरा मिनिटं राहतो आणि जातो. आठला येशील ना? नवे कपडे शिवायला टाकलेत मी.

चौतीस वर्षांत हिला नवे कपडे शिवावेसे वाटले ते या फोटोसाठी. आठ म्हणजे पावणेआठ.

२६ मार्च

कॅमेरा सुरू करून पाहणार होतो. पण आज पडद्यांची जागा अर्ध्या इंचाने बदलली, त्यात दिवस गेला. अर्धा इंच म्हणजे थोडं नाही. दाराला अर्धा इंच चुकवा आणि बघा.

डोळे मिटून वस्तू काढण्याचा सराव सुरू. कॅमेरा चार सेकंदांत हातात. बायको म्हणाली, शाळेत डोळे मिटून का काढणार आहात? याला उत्तर देण्यात अर्थ नाही.

फोटोचा सराव या महिन्यात शून्य. पण फोटो काढणं मला येतं. येणाऱ्या गोष्टीचा सराव कशाला?

३० मार्च, संध्याकाळी सहा

शेवटची तयारी. सगळं पलंगावर मांडलं. खऱ्या लेन्स, बॅटऱ्या, पुसायचं फडकं, खरा कॅमेरा, आणि कौतुकाने बघायला म्हणून शेजारी डमी. बायकोने विचारलं, यातला खरा कुठला? मी हसलो. म्हटलं, जन्म लाकडात गेला, लाकूड मला कळणार नाही? डोळे मिटून भरून दाखवतो.

डोळे मिटले. पावणेदोन मिनिटांत बॅग भरून तयार. ती म्हणाली, अहो, एकदा उघडून तर बघा. आता उघडलं तर मांडणी विस्कटणार. चेन लावली, दुसरी चेन लावली, वर पावसाचं कव्हर. उरलेलं न बघता कपाटात टाकून दिलं.

इतकी शांत संध्याकाळ बऱ्याच दिवसांनी.

३१ मार्च, दुपारी

थोडक्यात लिहितो.

पावणेआठला पोचलो. ताई नव्या कपड्यांत, केसांत नेहमीचीच पिन, पण चेहरा असा की ओळखू येईना. अडतीस पोरं. शाळेतल्या शिपाईमावशी दाराशी. साडेआठला उजेड आला, बरोबर फळ्यावर, तिने सांगितला होता तसा.

मी बॅग फिरवली. पोरं आ करून बघायला लागली. टेबलासारखी उघडली. चार सेकंद नाही, तीन. कॅमेरा हातात घेतला, लेन्स लावली.

लेन्स लागेना.

फिरवली. पुन्हा फिरवली. शिसव आहे, त्याला आटे कुठले? पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, बाई, यांचा कॅमेरा लाकडाचा आहे. मागून एक जण म्हणाला, मग फोटो पण लाकडाचाच येणार. वर्ग हसून कोसळला. ताईने तोंडावर हात घेतला, तोही टिकला नाही.

मावशी म्हणाल्या, दादा, माझ्या फोनवर घ्या की. उजेड आहे तोवर घ्या. ताईसुद्धा म्हणाली, घे रे, मला काय कळतंय त्यातलं. इथे मी घ्यायला हवा होता. हे आता लिहितोय. तेव्हा म्हटलं, मोबाइलवर? चौतीस वर्षांचा फोटो मोबाइलवर? वीस मिनिटं द्या, घरून आणतो.

उजेड पंधरा मिनिटांचा होता.

धावायचं म्हणून बॅग उतरवायला गेलो तर कमरपट्ट्याची क्लिप निघेना, ताणून बसवली होती ना. बॅग पुन्हा पाठीवर फिरवली आणि तसाच धावलो. ओझं कमरेवर छान बसतं, बाई खरं बोलली होती. घरी बायकोने दारातच खरा कॅमेरा हातात ठेवला. परत पोचायला पन्नास मिनिटं.

वर्ग रिकामा. पोरं मैदानावर, ताई ऑफिसात सह्या करत होती. फळा कुणीतरी पुसून टाकला होता, तिचं अक्षर होतं त्यावर. मी तिला म्हटलं, चल, पुन्हा उभी राहा, दोन मिनिटांचं काम. ती म्हणाली, आता नको रे. पोरं गेली. नुसता फळा घेऊन काय करू?

माझ्या पाठीवर थोपटायला गेली. हात बॅगेवर पडला.

१ एप्रिल

काही लिहायचं नाही.

२ एप्रिल

फक्त नोंद म्हणून: चूक बॅगेची नव्हती. बॅगेने तिचं काम चोख केलं.

६ एप्रिल

ताईचा फोन. मावशींनी त्या गडबडीत एक फोटो काढलाय म्हणे. मला पाठवला. मोठा करून, कोपऱ्याकोपऱ्याने तपासला. जरा तिरका आहे. एका पोराची मान कापलीय.

ताई फळ्यापाशी उभी आहे. खिडकीतला उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर, मागे तिचं गोल अक्षर, आणि ती डोक्यापासून पायापर्यंत हसतेय. मी तिला असं हसताना अपूर्णांकांच्या दिवसांतही पाहिलेलं नाही. असा क्षण पकडायला लोक आयुष्य घालवतात.

मला जमला असता का? नसता. मी लेन्स बदलत बसलो असतो.

ताई म्हणाली, घरात लावायचाय, फ्रेम करून देशील? म्हटलं, हे काय विचारणं झालं!

१३ एप्रिल

फ्रेम सागवानाची, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेले, केसाएवढी फट नाही. स्वतः नेऊन भिंतीवर लावली. ताईकडे तिच्या शाळेच्या मैत्रिणी आल्या होत्या. सगळ्या फोटोसमोर. काय सुंदर आलीस गं, कोणी काढला? ताई म्हणाली, मावशींनी. मी खाकरून म्हटलं, फ्रेम माझी. हो का, असं एक जण म्हणाली, आणि फोटोकडे वळली.

मग त्यातलीच एक चष्मा सारून पुढे झाली. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक मोठी काळी बॅग आहे, खाली दोन पाय, वर थोडं टक्कल. तिने विचारलं, अगं, आणि हे कोण, पाठ करून उभे?

ताई म्हणाली, तो माझा धाकटा भाऊ. फोटो काढायला आला होता.