शेखचाचांचं नाक

दौंड, जानेवारी २००३. गुरुवार संध्याकाळ.

“फुंका, मामा, मधेच थांबू नका,” म्हणत मी नळी टँकर ड्रायव्हरच्या तोंडाशी धरली होती. श्वासातली दारू मोजणारं हे नवं मशिन चालवायला मी पोलिसांना शिकवते. केडगाव फाट्यावर आज पहिल्यांदाच रस्त्यावरचा वर्ग. मागे शिकाऊ पोलीस, आणि त्यांच्यापुढे हवालदार शेखचाचा. त्यांचं नाक तालुक्यात प्रसिद्ध. हुंगायचं आणि केस करायची, ही त्यांची रीत.

“मशिन कशाला, मॅडम? ह्यो तर भिजलाय दारूत.”

वास खरा होता. ड्रायव्हर काकुळतीला आला. “मॅडम, कारखान्यातनं स्पिरिट भरताना अंगावर सांडलं. वास कापडाला हाय, मी थेंब घेतला न्हाई. लायसन गेलं तर मालक दारात उभं करायचा न्हाई.”

मशिनवर शून्य.

“बंद पडलंय तुमचं खेळणं,” शेखचाचा म्हणाले. शिकाऊ हसले. माझे कान तापले. मशिन चालू आहे हे आता दाखवायचं कसं?

तेवढ्यात बघ्यांतून एक आप्पा झुलत पुढे आले. “आणा, मी फुंकतो! मी काय गाडीवर हाय व्हय? चालत आलोय.”

फुंकले. लाल दिवा, लांब शिट्टी. आप्पांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

ड्रायव्हरला सोडलं. जीपमध्ये मी एकटीच हसत होते. ते नाक! शेखचाचा वाटभर रुमालानं ते पुसत राहिले.

शुक्रवार सकाळ. शेखचाचा माझ्याआधी वर्गात हजर. मशिन मागून घेतलं आणि नळी कशी धरायची ते शिकाऊंना दाखवू लागले.