आईचा पदर उजव्या खांद्यावर

प्रिय अण्णा,

निगेटिव्हचा स्कॅनर आला! तुम्ही जाऊन सात महिने झाले आणि परवा बेळ्ळंदूरच्या माझ्या फ्लॅटवर तो खोका येऊन पडला. हे तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

दोन वर्षं मी तो नुसता निवडत होते. साधा कागदांचा सपाट घ्यावा की खास फिल्मचा? धुळीचे ठिपके आपोआप काढणारा मिळेल का? तुम्ही दर रविवारी विचारायचात, "मंजू, स्कॅनरचं काय झालं ग?" "बघतेय अण्णा, उगाच कुठलातरी नको." मग "सरी, सरी", बरं बरं, म्हणत तुम्ही निगेटिव्हचा डबा परत कपाटात ठेवायचात. एकदा तरी रागवायचं होतंत हो!

"तू फोटो मोठे करून दाखव, मी शेजारी बसून कोण कोण ते सांगतो." तुमचं मागणं एवढंच होतं.

परवा पहिली पट्टी घातली. के. आर. पुरमच्या आपल्या घराच्या पायरीवर आई, तरुण, हसरी, आणि पदर चक्क उजव्या खांद्यावर! तेव्हा ती कुर्गकडच्या कोडगू पद्धतीनं नेसत असेल, असं मी ठरवूनही टाकलं. मग मागच्या पाटीवरची कन्नड अक्षरं उलटी दिसली. मी शहाणीनं फिल्मच उलटी घातली होती! चकचकीत बाजू कुठली, निस्तेज कुठली, हे तुम्ही मला शाळेत असताना शिकवलं होतंत.

सरळ केल्यावर आईशेजारी एक चष्मेवाली बाई नीट दिसली. पुढच्या तिन्ही फोटोंतही ती आहे. कोण ती, अण्णा? आईनं तिच्या गळ्यात हात टाकलाय आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नाही.

तुम्ही तर निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरूनच माणसं ओळखायचात. तेव्हा वही घेऊन बसले असते तर? नावं विचारायला स्कॅनर लागतच नव्हता. माझं चुकलं, अण्णा. फार चुकलं.

आई हल्ली सकाळचं संध्याकाळी विसरते, जुनं मात्र अजून सांगते. काल फोनवर मी तिला म्हटलं, "सगळा डबा स्कॅन झाला की एकदमच दाखवायला आणते."  ती म्हणाली, "तोवर मला आठवेल ना ग?"

उद्याच तिच्याकडे जाते, अण्णा. चारच फोटो झालेत, ते चार घेऊन जाते.

तुमची,
मंजू