कुप्पीतला शेवटचा थेंब

अब्बा, काल तुमच्या नातीच्या सायकलला मी डिस्क ब्रेक बसवले. ही जात तुम्ही पाहिली नाही. चाक धरणारा पुढचा चिमटा आता स्प्रिंगचा असतो, खड्डा आला की आपणच खाली बसतो नि वर येतो. त्याच्याच एका पायाला ब्रेक अडकवायला कान दिलेले असतात. चाकाच्या मधोमध पोलादाची थाळी आणि तिला दोन्हीकडून धरणारे पॅड. पोरगी म्हणत होती, "अम्मी, आहेत ते ब्रेक चांगले आहेत, काहून एवढं करून राह्यली?" मी ऐकलं नाही. यवतमाळच्या आमच्या घरापासून तिच्या कॉलेजला जाताना मोठा उतार लागतो, आणि उतार म्हटला की मी अजून आधी ब्रेकच पाहते.

ढाणकीच्या बाजारातलं आपलं दुकान आठवतं. कापसाची ती वाईट वर्षं. लोक हवा भरायला यायचे आणि नुसते बसून राहायचे. उठले की तुम्ही हाक मारायचात, "थांब न भाऊ, तेल तं घेऊन जा." लांब चोचीच्या कुप्पीचं बूड दाबायचं, टक, पुढच्या चाकाच्या आसाला एक थेंब. त्याशिवाय सायकल दुकानाबाहेर जायची नाही. एकदा एकजण ब्रेकच्या कामाला सायकल ठेवून गेला आणि परत आलाच नाही, आली ती त्यानं जीव दिल्याची बातमी. तुम्ही बरेच दिवस त्या सायकलकडे पाहिलंच नाही. मग एका दुपारी आपल्याच सायकलचे ब्रेकचे रबर काढून तिला लावायला बसलात. मी भांडले, आता ती चालवणार कोण? "त्याचं पोरगं चालवीन. मोठं होईन ना." आणि तुम्ही? "मी चप्पल घासून थांबतो. मले काय होते?" थेंब टाकून ती सायकल तुम्ही पायी त्याच्या गावाला पोचवून आलात. त्यानंतर थोड्याच दिवसांत उतारावर समोरून कापसानं भरलेला ट्रक आला आणि चप्पल पुरली नाही. लोक म्हणाले, काय दिलदार माणूस होता. मला मात्र अजून राग येतो. स्वतःच्या सायकलला नवे रबर लावायला रोज निघायचात आणि रोज दुसऱ्याचंच काम आधी यायचं.

दुकानातून मी फक्त कुप्पी आणली. तळाशी तुम्ही भरलेलं तेल होतं. शिलाई मशीन कुरकुरली तरी तिला दिलं नाही, इतकं जपलं. काल ब्रेकची मूठ तुमच्यासारखीच जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधली, म्हणजे पॅड थाळीच्या बरोबर मध्ये येतात, आणि मग बोल्ट कसले. चाक फिरवलं, कुठेच घासेना. फोनवरच्या व्हिडिओत बजावलं होतं की थाळीला तेल लागू देऊ नका, बोटसुद्धा नको. ते कानांनी ऐकलं होतं, हातांनी नाही. हात कुप्पीकडे गेला. टक. होता नव्हता तो थेंब आसावरून ओघळून थाळीवर गेला. पोरगी अंगणात फेरी मारायला निघाली, तिनं मूठ दाबली, सायकल किंचाळली आणि थांबली नाही. फाटकावर जाऊन टेकली. तिला लागलं नाही, ती हसतच होती. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आवरेना.

तेल प्यालेले पॅड फेकून दिले. थाळी स्पिरिटनं पुसली, परत परत, तेलाचा वास जाईपर्यंत. तुमच्या हातचं एवढंच उरलं होतं अब्बा, आणि ते मलाच पुसावं लागलं. "पूस न बेटा, रडते कायले," तुम्ही म्हणाला असता. तुम्ही असता तर. नवे पॅड लावले. आता चाक जागच्या जागी थांबतं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? कुप्पीखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी निघताना पोरगी ओढणी सावरायला वळली, तेवढ्यात मी रिकामी कुप्पी चाकाजवळ नेली आणि बूड दाबलं. टक वाजलं. काहीच पडलं नाही. मग तिला जाऊ दिलं.