सेशन चालू आहे

पिंप्राळा, जळगाव
चंपाषष्ठी होऊन गेल्यावरचा रविवार

तीर्थरूप कौतिकमामांच्या पायांशी भाचा हितेंद्र याचा दंडवत. दंडवत रागाने घातलेला आहे, तरी पोचला असं समजावं, कारण आईने (म्हणजे तुमच्याच बहिणीने) समोर बसून तेवढी ओळ लिहून घेतली आणि मगच ती भाकरी टाकायला उठली. तुमचा गुडघा कसा आहे? सुनंदामामींचा खोकला गेला का? कापसाची वेचणी उरकली, की मजूर अजून "उद्या येतो" म्हणताहेत? हे मी मनापासून विचारतो आहे. माझा राग तुमच्या गुडघ्यावर नाही, कानांवर आहे. म्हणून तर खिशात फोन असताना पत्र लिहायला बसलो. फोनवर मी एक बोलतो, तुम्ही दुसरं ऐकता आणि बोदवड स्टेशनाच्या बाकावर बसून तिसरंच सांगता. कागदावरचं तरी जसंच्या तसं राहील. चष्मा लावून वाचा आणि मनातल्या मनात वाचा.

आधी मी काय करतो ते एकदाचं कळू द्या. मी ड्रमर आहे. ड्रम वाजवतो. पाण्याचा निळा ड्रम नव्हे (मामींनी दोन उन्हाळे मला "येताना एक झाकणाचा ड्रम घेऊन ये रे" म्हणून सांगितलं, मी आपला थट्टा समजून हसत राहिलो). नातलगांत मला कुणी विचारतं, काय करतो? मी म्हणतो, वाजवतो. ते म्हणतात, ते झालं रे, पण करतो काय? यावर काय बोलायचं, सांगा. बरं, हे काही एका दिवसात झालं नाही. लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकायला बांधावर उभा राहून तेलाचा डबा बडवायचो, तिथून सुरुवात. मग लग्नाच्या बँडमध्ये ताशा, मग ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, आणि आता अख्खा ड्रमसेट. कामिनीताईंचा ऑर्केस्ट्रा नवापूर, सुरत, नंदुरबार, जिथे जाईल तिथे टेम्पोत ड्रमच्या मधे अंग चोरून मी जातो. एकदा टेम्पो बंद पडला म्हणून सामान एसटीने नेलं, तर कंडक्टर मोठ्या ड्रमचं तिकीट मागत होता, आणि मिळालं नाही तेव्हा त्याने त्या ड्रमवर बसायला एका म्हातारबांना जागा दिली. हे सगळं मी सोसलं. आणि कार्यक्रम नसेल तेव्हा धुळ्याला अन्वरभाईच्या स्टुडिओत सेशनला जातो. नवीन अहिराणी गाणी निघतात ना मोबाईलवर, लग्नात तुम्हीसुद्धा रुमाल फिरवून ज्यांच्यावर नाचता, त्यांतल्या अर्ध्या गाण्यांत मागे मी आहे. दुसऱ्याचं गाणं असतं, मी जाऊन ठेका देतो आणि घरी येतो. या कामाला आमच्या धंद्यात सेशन म्हणतात. जगभर म्हणतात. फक्त आपल्याकडे सेशन म्हटलं की एकच, सेशन कोर्ट. आणि तिथे माणूस जातो तो कुणाचं तरी डोकं फोडून.

आता तो तीन वर्षांपूर्वीचा फोन आठवा. मी धुळ्याला स्टुडिओतल्या बंद खोलीत, कानाला हेडफोन, अन्वरभाई काचेपलीकडून खुणा करतोय आणि तुमचा फोन. मी काय बोललो? शब्द न शब्द लिहितो: "मामा, आत आहे मी. सेशन चालू आहे. उद्या साक्रीला उभं राहायचंय. बाहेर आलो की फोन करतो." बस. यात एक अक्षर खोटं नाही. साक्रीच्या बाजारात दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, आणि तिथे मंडपवाल्याने ड्रमरला खुर्ची देत नाहीत असा नियम काढल्यामुळे उभ्यानेच वाजवायचं होतं. पण तुमच्या कानात साक्रीची साक्षी झाली. मी आत, सेशन चालू, उद्या साक्षीला उभा. अहो मामा, सख्खा भाचा आत आहे म्हटल्यावर माणूस धुळ्याला धावत येतो, निदान आईला तरी विचारतो. तुम्ही काय केलंत? तिला धक्का बसेल म्हणून तिला सोडून बठ्ठ्यांना, सगळ्या गोताला सांगितलंत. तेही "कुणाला सांगू नका" म्हणून. आपल्याकडे यापेक्षा लवकर बातमी पसरवायची दुसरी सोय नाही.

आता मला एकेक उलगडायला लागलंय आणि एकेक आठवलं की डोकं तापतं. पोळ्याला चिंधाकाकांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धीर सोडू नको, वरचं कोर्ट असतं." मला वाटलं काका देवाबद्दल बोलताहेत. लग्नांत पंगतीला बसलो की वाढपी माझ्या पानात गुपचूप जास्तीचं गोड टाकायचे आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकायचे. मला वाटायचं, कलाकाराची कदर आहे. मी मान हलवून आभार मानायचो हो! आणि मामी. मामी दर खेपेला विचारायच्या, "तारीख कधी आहे?" मी खुशीत सांगायचो, तारखा चिक्कार लागल्यात, लग्नसराईत तर श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या पदर डोळ्यांना लावायच्या. मी म्हणायचो, किती आनंद होतो मामींना माझा.

आता पहूरच्या स्थळाकडे येतो. इथून पुढे पाणी प्या आणि मग वाचा.

स्थळ तुम्हीच आणलंत. लीलाधरभाऊ, गावचे माजी पोलीस पाटील, मुलगी भूमिका धुळ्याला शिकलेली, आता जामनेरला लॅबमध्ये नोकरीला. मला मुलगी आवडली. आधीच सांगतो, म्हणजे पुढचा राग कशासाठी आहे ते कळेल. फोटोत आवडली, आणि समोर आली तेव्हा पोह्यांतली मिरचीसुद्धा चावून खाल्ली इतकी आवडली. तुम्ही मात्र आमच्या आधी जाऊन लीलाधरभाऊंच्या कानात घातलं होतंत की पोरगं सोन्यासारखं आहे, फक्त त्याचं सेशनला एक चालू आहे. लपवाछपवी आपल्याला जमत नाही म्हणे. अहो, जे नाहीच ते तुम्ही उघड केलंत!

मला यातलं काडीचं ठाऊक नाही. मी बापडा इस्त्रीच्या शर्टात बसलो. लीलाधरभाऊंनी विचारलं, तारखा कुठे लागतात? मी म्हटलं, जास्ती करून धुळ्याला, मधूनमधून सुरतेला. ते म्हणाले, अरे बाप रे, दुसऱ्या राज्यातसुद्धा? मी म्हटलं, आपल्या आशीर्वादाने. मग साथीदार किती ते विचारलं. मी म्हटलं, अन्वरभाई सगळ्यांत जुना, बाकी येऊन जाऊन असतात. तो सध्या आत की बाहेर? मी म्हटलं, तो आतच असतो, बाहेर त्याला करमत नाही. मारतं कोण? मी छाती फुगवून म्हटलं, मारणारा मी एकटाच, बाकीचे नुसतं धरतात. (सूर धरतात, मामा. सूर.) तेवढ्यात आतल्या खोलीत स्टीलची ताटली पडल्याचा आवाज झाला. लीलाधरभाऊंनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी शेवटचं विचारलं, हे सुरू कशावरून झालं? आणि मी मूर्ख, मी खरं तेच बोललो. म्हटलं, बांधावरून. ते मान डोलावत तुम्हाला म्हणाले, "बांधावरून असेल तर दोष नाही. कबूल करतो, हे महत्त्वाचं." आणि निघताना माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, काय रसिक माणूस आहे.

परतीच्या बसमध्ये तुम्ही रुमालाने घाम पुसत बोललात, चला, केस असून पोरगी मिळतेय, मुक्ताई पावली. मी विचारलं, कसली केस? मग जे झालं ते अख्ख्या बसने ऐकलं. मी ओरडलो, हे मान्य. कंडक्टरने घंटी मारून बस उभी केली, हेही मान्य. पण तुम्ही बोदवडच्या गाडीसाठी उतरल्यावर खिडकीशी येऊन काय म्हणालात? "माझ्यापासून तरी लपवू नको रे." अजूनही! अजूनही तुम्हाला मीच खोटा वाटतो!

दुसऱ्या दिवशी मी एकटा पहूरला गेलो. लीलाधरभाऊ ओट्यावर बसले होते. मी हात जोडून सगळं उलगडून सांगितलं. सेशन म्हणजे काय, तारखा म्हणजे काय, साथीदार, आत, बाहेर, बांधावरचा डबा. मोबाईलवर माझं वाजवणंही दाखवलं. ते ऐकून घेत होते. चेहरा उतरत चालला होता.

"म्हंजे तू कुणाले मारलं नाही?"

"नाही भाऊ."

"मंग इतकी वर्षं केलं काय?"

मामा, मी पुन्हा मोबाईल पुढे केला. तो पाहता पाहता त्यांची कळी खुलली. हसून म्हणाले, वकील हुशार दिसतो तुझा, चांगलं पढवलंय. पण हे ड्रमचं कारण बाहेर सांगत फिरू नको. केस काय, आज आहे, उद्या सुटेल. पण वाजवणारा आहे म्हटलं तर कुणी पोरगी देईल का? मी स्वतः देणार नाही. मग त्यांनी हाक मारून चहा सांगितला आणि वर तो मला पाजलाही.

तिथून मी पहूरच्या स्टँडवर येऊन बसलो आणि मला रडू आलं. हो, आलं, लिहायला लाज वाटत नाही. वाजवणाऱ्याशिवाय यांचा नवरदेव घोड्यावर चढत नाही, वरात पुढे सरकत नाही, पोळ्याला यांचे बैलसुद्धा वेशीतून हलत नाहीत. पण वाजवणारा ओट्यावर येऊन बसला की त्याच्यापेक्षा डोकं फोडलेला बरा. माझी बोटं फुटली आहेत मामा, डाव्या कानाला कमी ऐकू येतं, सुरतेच्या ऑर्केस्ट्रावाल्याने दोनदा मला कायमचा ये म्हटलं आणि आईला सोडवेना म्हणून मी गेलो नाही. आणि माझी इज्जत कशामुळे? न केलेल्या खुनामुळे! बेगानी शादी में मी दिवाना नाही, मी तिथे कामाला असतो, एवढं एका तरी माणसाला समजावं, आणि तो माणूस माझा मामा असावा, हे काय फार मागणं झालं?

वरून आई काल सांगते, मी सुटेपर्यंत तुम्ही मुक्ताईला नवस बोलून वांग्याचं भरीत सोडलंय. चंपाषष्ठीलासुद्धा मामींनी भरीत-रोडगा केला आणि तुम्ही कळण्याची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाऊन उठलात. बोदवडचा माणूस, थंडीचे दिवस, घरची वांगी, आणि भरीत नाही. हे ऐकून मला आणखी राग आला. असं प्रेम करणाऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही, हा कुठला न्याय?

तेव्हा आता ऐका. लीलाधरभाऊ माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, तुमच्यावर ठेवतात. तुम्ही येत्या मंगळवारी पहूरला जायचं, ओट्यावर बसायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं की माझे कान फुटके आहेत, पोरगा निर्दोष आहे, तो ड्रमर आहे. लग्न मोडलं तर मोडू द्या. मला खरं सांगून मिळेल तीच बायको पाहिजे. आणि आजच्या आज भरीत खा. मामींना नमस्कार.

तुमचा, कुणालाही न मारलेला भाचा,
हितेंद्र रुपचंद झोपे

ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात भूमिकाचा फोन आला. म्हणाली, तुम्ही केस मिटवायला आला होता असं बाबा सांगत होते. मिटवू नका. मी म्हटलं, तुला ठाऊक आहे मी कोण ते? ती म्हणाली, कॉलेजात असताना मैत्रिणीच्या गावी साक्रीला आले होते, तिथल्या बाजारात पाहिलंय तुम्हाला. उभे होतात. मारणारे तुम्ही एकटेच, बाकीचे नुसते धरत होते. मग खूप वेळ हसत राहिली. ती ताटली तिच्याच हातून पडली होती, मामा. फोटो पाहूनच तिने मला ओळखलं होतं आणि हो म्हटलं होतं. शेवटी गंभीर होऊन म्हणाली, "बाबांना मी सांगेन, पण लग्नानंतर. आणि वाजवणं सोडलंत तर मात्र मी केस करीन."

ता. ता. क. : तेव्हा मंगळवारी पहूरला जा, पण वर लिहिलंय ते बोलू नका. खोटंही बोलू नका, खोट्याची मला चीड आहे. एवढंच सांगा की सेशन चालू आहे, तारखा लागताहेत, साथीदार भरवशाचे आहेत. आणि लग्नाची तारीख मार्चच्या आत काढा, पुढे माझ्या तारखा आहेत.

शेवटचं : लीलाधरभाऊ तुम्हाला जेवायला थांबवतील. पानात भरीत वाढतील, पहूरची वांगी आहेत, वास वेशीपर्यंत येतो. मामा, नवसाचं तुम्ही त्यांनाही सांगितलं असणारच, तुमच्या पाया पडतो, लग्न लागेपर्यंत खाऊ नका. तुम्ही घास घेतलात की मी सुटलो हे त्यांना कळेल, आणि केस सुटली की मी नुसता वाजवणारा उरतो.