गच्चीच्या कुलपाबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे तेवढे अधू झाले आहेत, म्हणून अक्षर वकीलबाईंचे आणि बोलणे माझे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट कलम चार गाळा, असे वकीलबाईंनी दोनदा सुचवले. ते गाळायचे नाही.

कलम १. घराचा माझ्या नावचा अर्धा भाग, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, माझ्या मुलाला मिळावा. दुसरा अर्धा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आहेच. दोन्ही भागांच्या मध्ये गच्चीवर जाणारा जिना आहे. त्याच्या माथ्यावर एकोणीस वर्षे दार नाही. पावसाचे पाणी पायऱ्यांवरून घरात येते आणि पुसावे लागते. पुसावे. तिथे दार बसवायचे नाही.

कलम २. शिवणाचे मशीन सुनेला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण सहा वर्षांत तिने माझ्या कामाला एकदाही नाव ठेवले नाही. विकले तरी चालेल. फक्त कोपऱ्यावरच्या शिंप्याला नको. बाईच्या हाताला माप कळत नाही असे सांगून त्याने माझी गिऱ्हाइके पळवली होती.

कलम ३. पलंगाखालची पत्र्याची पेटी मुलाला. ती माझ्या पतींनी पूर आला तर म्हणून भरली. ते नळदुरुस्ती करत. पाणी कुठून कसे शिरते हे त्यांच्याइतके गल्लीत कोणाला कळत नव्हते, आणि तरी गल्ली त्यांना हसत असे. पेटीत टॉर्च, रेडिओ, औषधे, सुका खाऊ, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रे आणि शिट्टी आहे. टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवावेत, आत राहिले की गळतात. पिण्याच्या पाण्याचे कॅन महिन्याला बदलावेत. नात आता चार वर्षांची झाली, तिला मेन स्विच कुठे आहे ते दाखवावे, पण हात लावू देऊ नये. पेटीतला दोर इस्त्रीवाल्याने कपडे टांगायला नेला तो आजतागायत दिलेला नाही. तो मागायला लाजू नये.

कलम ४. माझ्या पतींचा मृत्यू माझ्या थोरल्या दिरांमुळे झाला असे माझा मुलगा मानतो. ते खोटे आहे, आणि ते खोटे एकोणीस वर्षे मी चालू दिले.

भांडण अगदी क्षुल्लक होते. गच्ची दिरांच्या वाटणीची. मी तिथे रंगवलेले कापड वाळत घातले आणि त्याचा लाल रंग जाऊबाईंच्या पांढऱ्या चादरींवर उतरला. शब्दाने शब्द वाढला, दिरांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातले. माझे पती चिडले नाहीत. ते भावाकडे गेले आणि म्हणाले, की पाणी चढले तर आम्हाला जायला तेवढीच जागा आहे. दिरांना ते पटले. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई किल्ली घेऊन माझ्या दारात आल्या. मी मशीनवरून उठलेही नाही. म्हटले, "तुमची गच्ची तुम्हालाच लखलाभ." त्या किल्ली घेऊन परत गेल्या.

संध्याकाळी पतींनी विचारले, किल्ली आली का. मी नाही म्हणाले. दादा विसरला असेल, आठवण करतो, असे ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच दीर आणि जाऊबाई त्यांच्या माहेरी गेले होते, आणि त्याच दुपारी नदीने बांध फोडला.

पतींनी ठरल्याप्रमाणे सगळे केले. मेन स्विच बंद, गॅस बंद, पेटी खांद्यावर, बारा वर्षांचा मुलगा पुढे. आम्ही जिना चढलो आणि कुलपाशी थांबलो. त्यांनी दाराला खांद्याने दोन धक्के दिले. पाणी पायऱ्या चढत होते. "पहार घेऊन आलोच," म्हणाले आणि खाली उतरले. तेव्हाही मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातले कपाट कोसळल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मुलगा शिट्टी वाजवत राहिला. पाणी आमच्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबले. ते वर आले नाहीत.

लोक विचारायला आले तेव्हा मुलगा म्हणाला, "काकाने किल्ली दिली नाही." मी शेजारीच बसले होते. दीर समोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले आणि गप्प राहिले. आठवड्याने त्यांनी ते दार कडीकोयंड्यासकट उखडून टाकले.

मुलगा त्यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. गेल्या महिन्यात ते वारले, तेव्हाही तो आला नाही. मग मी जाऊबाईंना विचारले, की तुम्ही दोघे इतकी वर्षे बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, "मी बोलणार होते. हे म्हणाले, पोराचा बाप गेलाय, आई तरी राहू दे त्याला."

कलम ५. पुढची खोली जाऊबाईंना द्यावी असे माझ्या मनात होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्यावर जाऊबाईंनी खोली नको म्हटले आणि पेन मागितले. मात्र एक अट घातली. हे मी मेल्यावर उघडायचे नाही, मी असतानाच मुलाला सांगायचे. "तो चिडेल तेव्हा तू समोर असायला हवीस," त्या म्हणाल्या. "ह्यांनी एकोणीस वर्षं सोसलं, तू एक दिवस सोस."

मी कबूल केले. मुलगा रविवारी येणार आहे. फोनवर तो पुन्हा पुन्हा विचारत होता, तब्येत बरी आहे ना. अक्षर मला दिसत नाही, पण कलम चार पाठ आहे. ते ऐकल्यावर यातले काही घ्यायचे की नाही, हे त्याने ठरवावे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: २१ जून, शुक्रवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला, समोरचा औषधवाला: मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दुसरी, लिहून देणारीची थोरली जाऊ: कलम चार मला वाचून दाखवले, ते खरे आहे. त्यात एक राहिले. त्या दुपारी मी किल्ली तिच्या उंबऱ्यावर ठेवून यायला हवी होती. मलाही राग आला होता. (सही)