एक पळी पाणी

प्रिय अश्लेषा,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले. उत्तर टाइप करते आणि पुसते. शेवटी कागदच घेतला. फोनवर सांगायला गेले तर तू पहिल्याच वाक्याला रडशील, आणि मी तुझी समजूत घालत मूळ गोष्ट गिळून टाकीन. मला ते फार छान जमतं.

आईचा चाफा गेला. पाच वर्षांपूर्वी इथे येताना तिनं अंगणातल्या चाफ्याची वीतभर फांदी साडीच्या घडीत लपवून आणली होती. विमानतळावर घाम मला फुटला, ती आपली निवांत. आमच्या या थंड स्वोर्ड्स गावात एप्रिलातही स्वेटर निघत नाही, तिथे चाफा लावायचा म्हणजे वेडेपणाच. पण लावला. ऑक्टोबरात कुंडी आत घ्यायची, पानं झडू द्यायची आणि मार्चपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवायचं. झोपलेल्या झाडाला पाणी पाजलं की ते कुजतं. तुझा जिजू विक्रांत त्याला ‘तुझ्या काड्या’ म्हणायचा. गेल्या ऑगस्टमध्ये काड्यांना पाच फुलं आली. आईनं ती व्हिडिओवर पाहिली आणि वास येतो का, एवढंच विचारलं. सप्टेंबरात ती गेली.

डिसेंबरात बाबा माझ्याकडे आले, तेव्हा झाडावर एक पान नव्हतं. वासंतीचं झाड तहानलंय, म्हणाले. मी दोनदा समजावलं. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली की पुन्हा एक पळी पाणी घालायचे. पळी रिकामी झाली तरी कुंडीपाशी जरा उभे राहायचे. मला त्याचा राग यायचा, अशू. का ते तेव्हा कळत नव्हतं.

फेब्रुवारीअखेर खोड मऊ पडलं. कुठेतरी पांढरं, जिवंत लाकूड लागेल म्हणून मी कापत गेले, तर थेट मातीपर्यंत काळं. वळून पाहिलं तर बाबा मागे उभे, हातात पळी. मी म्हणाले, आईलाही तुम्ही असंच पाजून मारलंत.

हो, हे मी म्हणाले. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तू तिच्या उशाशी होतीस. किडनी थकलेली, पाणी मोजून द्यायचं, आणि मी डॉक्टरीणबाई इथून फोनवर मापं सांगत होते. ती पाणी पाणी करत होती. बाबांनी दोन पळ्या तिच्या तोंडात सोडल्या. सकाळी ती गेली.

बाबांनी पळी धुतली, पुसली, बॅगेत ठेवली आणि विक्रांतकडून तिकीट अलीकडचं करून घेतलं. तुला मात्र थंडी सोसत नाही म्हणून आलो, असं सांगितलं.

परवा कुंडी उपसली. माती आतपर्यंत कोरडी ठणठणीत. एका पळीनं काय भिजणार? झाड पाण्यानं गेलंच नव्हतं. फेब्रुवारीत एका दुपारी छान ऊन पडलं म्हणून मीच कुंडी बाहेर ठेवली आणि ड्यूटीला निघून गेले. सकाळी परत आले तर फांद्यांवर पांढरं हिम. बाबांची आंघोळ व्हायच्या आत मी ती आत आणून जागेवर ठेवली. कोणाला बोलले नाही. ओरडताना हे मला माहीत होतं. दोन पळ्यांनी माणूस जात नाही, हेही मला माहीत होतं, तेव्हाही. ती तहानलेली असताना पाणी पाजणारे ते होते आणि मी नव्हते, एवढाच माझा राग होता.

तू विचारलंस की नागपुरात एवढं ऊन तापलंय, मोगरा वाळतोय, तरी बाबा झाडांना पाणी का घालत नाहीत, पाइप तुझ्या हातात देऊन आत का जातात. त्याचं कारण हे असं आहे. मी तीनदा फोन केला. ‘बरं आहे, काळजी घे’ म्हणून ते तुझ्याकडे फोन देतात. हे पत्र त्यांना वाचून दाखव, सगळं, मोठ्यानं. त्यांचा विश्वास बसेल असं मला वाटत नाही. रागात बोलले ते डॉक्टर मुलीचं खरं मत आणि हे लिहिलंय ती समजूत, असंच ते धरून चालतील. तरी वाच.

तुझीच,
ताई